बेल वाजणार नाही अशी जागा

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट मी उभी हयात पोरांना नकाशावर छडी ठेवून शिकवली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मीच बोट बांधायला काढली, तेव्हा माझ्या निम्म्या माजी विद्यार्थ्यांना आपण शिकलो ते चुकीचं होतं की काय अशी शंका आली. उरलेल्या निम्म्यांना उजागरे सरांचं काहीतरी बिनसलंय अशी खात्रीच पटली. दोन्ही गट घरी भेटायला येऊन गेले. आणि लोकांचं हे घरी येऊन जाणंच त्या बोटीचं मूळ कारण होतं.

झालं असं, की माझी बायको एस्तेर मार्चमध्ये साठीची होणार होती. मी संध्याकाळी तिच्यासमोर बसून, घसा खाकरून, "वाढदिवसाला काय पाहिजे ते माग," असं म्हणालो. माझ्या डोक्यात साडी होती, फार तर मिक्सर. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला एक दिवस असा पाहिजे, की बेल वाजणार नाही."

एवढ्यात बेल वाजली.

आमचं घर सावेडीत, पहिल्या मजल्यावर आहे. पहिला मजला हे मध्यमवर्गीय माणसाचं मोठं दुर्दैव. तळमजल्यावरच्याला लोक जाता जाता हात करतात, तिसऱ्या मजल्यावरच्याकडे गुडघ्यांमुळे कुणी जात नाही, पहिला मजला मात्र सगळ्यांना झेपतो. राहात्याची मंडळी दवाखान्याला येतात, शेवगावची कोर्टाच्या तारखेला येतात, बाकीची लग्नाचा बस्ता बांधायला येतात. सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "वाटेवरच होतं, म्हटलं डोकावून जावं." डोकावणारा माणूस चहा, मग पोहे, मग "आता जेवूनच जा" या क्रमाने आत सरकत जातो. आमची बेल पक्ष्यासारखी चिवचिवते. एस्तेरच्या लग्नानंतरच्या आयुष्यात तिने हा पक्षी इतका ऐकला आहे, की खरी चिमणी खिडकीत आली तरी ती आधी गॅसवर आधण ठेवते.

मी आधी सरळ उपाय केला. बेलची वायर काढून टाकली. संध्याकाळपर्यंत लोकांनी दार इतकं बडवलं की वरून माणसं खाली आली. दुसऱ्या दिवशी बाजारातून परत आलो तर समोरचे आप्पासाहेब हातात टेस्टर घेऊन आमच्या दारात स्टुलावर उभे. "वायर निसटली होती सर. जोडून टाकली. आवाज पण वाढवून दिलाय." शेजारधर्म नावाच्या गोष्टीपुढे माणूस हतबल असतो. मी त्यांना चहाला आत बोलावलं.

मग परगावचा विचार केला. पण हॉटेलमध्ये चादर बदलणारा बेल वाजवतो, आणि अलिबागला गेलो असताना भर किनाऱ्यावर एस्तेरचे दोन मावसभाऊ भेटले होते. थोडक्यात, जमिनीवर अशी जागा नाही या निष्कर्षाला मी आलो. मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला त्याच दिवशी. कुठल्याशा परक्या देशातल्या खाडीत एक नवरा-बायको सपाट, कठडेवाल्या बोटीवर खुर्च्या टाकून बसले होते. पाँटून बोट म्हणतात तिला. खाली दोन्ही बाजूंना हवेच्या नळकांड्या, वर फळी, वर छप्पर. चारी बाजूंना पाणी. दरवाजा नाही, जिना नाही, शेजार नाही. बाई पुस्तक वाचता वाचता झोपली होती आणि तिला कुणीही उठवत नव्हतं. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि ठरवलं. हे करायचंच.

समुद्र नसला तरी मुळा धरणाचा फुगवटा होता. फुगवट्याच्या काठाला माझा जुना विद्यार्थी कानिफनाथ याची शेती आणि मासेमारीची होडी होती. आणि आर्किमिडीजचा सिद्धांत मला पाठ होता. पोहता येत नव्हतं, पण आर्किमिडीजलाही येत होतं असं कुठे लिहिलेलं नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आप्पासाहेब निवृत्त मंडल अधिकारी, त्यामुळे कुठल्याही नव्या गोष्टीची पाहणी करणं हा त्यांना आपला हक्क वाटतो. ते म्हणाले, "सर, बोट कशाला? बोअर घ्या. पाणी घरी येईल." मी लाइफ जॅकेट आणून मापाचं आहे का ते बघायला घालून जिन्यात दोन फेऱ्या मारल्या, तर खालच्या काकूंनी हळूच विचारलं, "मणक्याचं ऑपरेशन झालं का?" मी हो म्हणालो. कारण खरं सांगितलं असतं तर त्या बसायला आल्या असत्या.

बोट बांधली रशीदभाईंनी. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, आणि निम्म्या सावेडीची गेटं, ग्रिलं, जिन्याचे कठडे त्यांच्या हातचे आहेत. मी चित्र काढून दिलं. केमिकलचे रिकामे निळे प्लास्टिकचे ड्रम दोन रांगांत, त्यावर लोखंडी अँगलची चौकट, वर प्लायवूड, चार खांब आणि ताडपत्री. रशीदभाईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "सर, सगळं होतंय. पण गेट कुठे दाखवलं नाही?"

"रशीदभाई, बोटीला गेट नसतं."

"मग आत येणार कुठून?"

"कुणी येऊच नये म्हणून तर बोट आहे!"

रशीदभाईंनी चित्र पुन्हा उलटं करून पाहिलं. आयुष्यात त्यांच्या दुकानातून गेटाशिवाय काही बाहेर पडलं नव्हतं. शेवटी त्यांनी ते केलंच. मोराची नक्षी असलेलं, कडीकोयंडा असलेलं छोटं गेट. वरून पाटीसाठी दोन भोकंही पाडून ठेवली. आप्पासाहेबांची सासुरवाडी शनिशिंगणापूरची. ते गेट बघून त्यांना हसू आवरेना. "आमच्या सासऱ्यांच्या घराला दार न्हाई, आन सर पाण्यावर गेट लावत्यात!"

तयार बोट टेम्पोत घालून सोसायटीच्या आवारात आणली, आणि ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बोटीच्या फळीवर प्लास्टिक अंथरून त्यावर आप्पासाहेबांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, कुरडया घातल्या होत्या. "इतकी सपाट जागा गच्चीवर पण नाही हो, सर. दोन उन्हं लागली की झालं." कुरडया अर्ध्या वाळलेल्या असताना हलवता येत नाहीत, हा नियम आर्किमिडीजच्याही वरचा आहे. मग तळमजल्यावरच्यांच्या सांडग्यांची पाळी आली. माझी बोट त्या हंगामात पाण्याआधी वाळवणाला लागली, आणि एस्तेर रोज संध्याकाळी तिच्यावरून कुरडया उचलायला मदतीला जाऊ लागली. तिच्या विश्रांतीसाठी मी जे जे करत होतो, त्याने तिचं काम वाढतच होतं. पण मी हटलो नाही.

परवानगीचा भाग वेगळाच. पाण्याचा कारभार पाहणाऱ्या एका कार्यालयात मी बोटीचं चित्र घेऊन गेलो. तिथे वैजनाथ नावाचे साहेब होते. माणूस सज्जन, पण चौकटीबाहेरचं काही समोर आलं की त्यांना घाम फुटायचा.

"इंजिन आहे?"

"नाही."

"मग वाहन नाही. छप्पर आहे?"

"ताडपत्रीचं."

"मग बांधकाम झालं."

"पण ती हलते."

"मग वाहन आहे," असं म्हणून त्यांनी कपाळ पुसलं. "मासेमारी करणार?"

"नाही."

"मग पाण्यावर करणार काय?"

"बसणार."

"नुसते?"

"नुसते."

त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. नुसतं बसण्यासाठी परवानगी मागायला आलेला मी त्यांच्या नोकरीतला पहिलाच माणूस असणार. तीन-चार हेलपाटे, दोन वेळा "साहेब मीटिंगला गेलेत", एकदा "साहेब आहेत पण शिक्का नाही", असं होता होता त्यांनीच मार्ग काढला. बोट कागदावर "तरंगता मंडप, कौटुंबिक कार्यक्रमासाठी" अशी झाली. अटी मंडपाच्याच लागल्या. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, वाहनांच्या पार्किंगची सोय मंडपमालकाने करावी. आणि शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने एक अट वाढवली, की संकटकाळी काठावर ऐकू जाईल अशी घंटा मंडपात असलीच पाहिजे.

"साहेब, घंटा सोडून काहीही सांगा," मी हात जोडले.

"घंटेशिवाय सही नाही."

बेल नको म्हणून सुरू झालेल्या प्रकरणात पहिली सक्तीची वस्तू निघाली ती घंटा. आप्पासाहेबांनी लगेच सासुरवाडीच्या बाजारातून भलीमोठी पितळी घंटा आणून दिली, लोलकाला लाल दोरी बांधून. मी ती एस्तेरला दाखवली नाही. पोत्यात गुंडाळून बोटीखाली ठेवली.

ठरलेला बेत असा. वाढदिवसाच्या सकाळी आम्ही दोघं जायचं. कानिफनाथ आपल्या होडीने बोट ओढत मध्यापर्यंत नेईल, दोराला दगड बांधून नांगर टाकेल आणि परत जाईल. संध्याकाळी येऊन आम्हाला घेऊन जाईल. तिथे मोबाईलला रेंज नाही, हे त्या जागेचं सगळ्यात मोठं सौंदर्य होतं. दोन खुर्च्या, एक डबा, एक थर्मास. बस्स.

आदल्या संध्याकाळी पक्षी चिवचिवला. दारात राहात्याची माझी मेहुणी मरिया आणि आमचे साडू जॉय. हातात केकचा खोका, मटणाचा डबा. "दाजी, ताईची साठी आणि आम्ही घरात बसणार होय?" मरियाने चपला काढता काढता विचारलं. एस्तेरने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि तिने आधण ठेवलं.

सकाळी निघालो तर रशीदभाई खाली उभे. वेल्डिंग पाण्यात कसं वागतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. आप्पासाहेब आणि वहिनी नवे कपडे घालून तयार. घंटा त्यांची होती, त्यामुळे आमंत्रणाची गरज त्यांना वाटली नव्हती. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही, ही मंडळी काठापर्यंत येतील, हात हलवतील. काठापर्यंत माणुसकी दाखवायला हवी.

फुगवट्याच्या काठाला बोट पाण्यात उतरली तेव्हा खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. तरंगली! एस्तेरने डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली, सगळे आमेन म्हणाले. रशीदभाईंनी बिस्मिल्ला म्हणून गेटाची कडी उघडून दाखवली. मला वाटलं, झालं. पण आप्पासाहेबांनी पिशवीतून नारळ काढला.

"नवी गाडी हाय सर. नारळाशिवाय जाईल कशी?" त्यांनी लिंबंही आणली होती, पण चाकंच नसल्यामुळे ती कशाखाली ठेवायची यावर थोडी चर्चा होऊन ती वहिनींनी परत पिशवीत टाकली. माझी काही हरकत नव्हती. इतक्या दिवसांत त्यांनी आमच्यासाठी काय कमी केलं होतं? प्रश्न एवढाच होता, की नारळ फोडायचा कशावर. तिथे काठाला सगळा गाळ, दगड औषधाला नाही. होता तो एकच नांगराचा दगड आणि तो कानिफनाथने आधीच दोर बांधून होडीत ठेवला होता.

"गाडीवरच फोडायचा असतो," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी अँगलवर एक घाव घातला. नारळाला काही झालं नाही. दुसरा घातला. नारळ हातातून निसटून गाळात पडला. जॉय हसला. मरिया म्हणाली, "दाजी, तुम्हाला तरी जमतंय का बघा." सगळ्यांसमोर, बायकोच्या साठीच्या दिवशी, स्वतःच्या बोटीपुढे असं आव्हान आल्यावर माणूस काय करतो? मी बाह्या सारल्या. "द्या इकडे," म्हणालो, आणि नारळ डोक्यावर नेऊन असा हाणला की त्याची दोन सारखी भकलं झाली. पाणी उडालं. टाळ्या पडल्या. अँगल माझ्या हातून जरासा चुकला आणि घाव कोपऱ्यातल्या ड्रमवर बसला, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण टाळ्या वाजत असताना असल्या बारीक गोष्टी कोण बोलतं?

मग मी एस्तेरला हात देऊन गेटातून आत घेतलं, वळून निरोपाला हात वर केला, तर माझ्या मागून एकेक जण आत येत होता. गेट होतं ना! गेटातून माणसं येतातच. पायांनाच ती सवय आहे. सगळ्यात शेवटी रशीदभाई आत आले, त्यांनी कडी लावली आणि तिच्याकडे समाधानाने पाहिलं.

कानिफनाथने मान खाजवली. "सर, तुमी दोगंच म्हनले हुते."

"चल," मी दात-ओठ खात म्हणालो.

मध्यावर पोचून नांगर पडला, कानिफनाथ वल्ही मारत परत गेला. काठाकडून वारा आला, पाणी चमचमलं, आणि आप्पासाहेबांनी बरोबर चढवलेल्या पोत्यातून घंटा काढून खांबाला बांधली. ठण्ण करून वाजवून पाहिली. एस्तेर दचकली, उभी राहिली आणि पुढच्या क्षणाला तिचा हात स्टोव्हच्या पिशवीकडे गेला. होय, तिने स्टोव्ह आणला होता. "एवढी माणसं आहेत, चहा तरी नको का?" ती मला हळूच म्हणाली. मला रडावं की पाण्यात उडी मारावी ते कळेना. पोहता येत नसल्यामुळे मी खुर्चीत बसलो.

घंटा ऐकून कानिफनाथ धापा टाकत होडी घेऊन आला. "काय झालं सर?"

"काय न्हाई रे, चालती का ते बघितलं," आप्पासाहेब म्हणाले. "आलाच हाय तर चहा घेऊन जा." चहा पिऊन जाताना त्याने बजावलं, "आता तीनदा वाजली तरच येनार. माझी लई कामं हायेत."

स्टोव्ह कुठे ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. आप्पासाहेबांच्या मते स्वयंपाक आग्नेयेला. एस्तेरने बिचारीने आग्नेयेला मांडला. पण नांगराला बांधलेली बोट वाऱ्याने फिरते, आणि थोड्याच वेळात आमची आग्नेय वायव्येला गेली. आप्पासाहेबांना चैन पडेना. स्टोव्ह हलला. पुन्हा वारा फिरला. माझी बायको तिच्या साठाव्या वाढदिवशी पेटता स्टोव्ह घेऊन धरणाच्या पाण्यावर दिशांच्या मागे फिरत होती, आणि मी, जन्मभर दिशा शिकवलेला माणूस, खुर्चीत बसून ते बघत होतो. शेवटी मी गरजलो, "आप्पासाहेब, पाण्यावर वास्तुशास्त्र चालत नाही!" ते दुखावलेल्या माणसासारखे पाण्याकडे तोंड करून बसले. मग एस्तेरने त्यांना समजावण्यासाठी आणखी एक कप चहा दिला.

केक कापला, मटणाचा डबा उघडला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की रस्सा ताटात एका बाजूला जमा होतोय. बोट एका कोपऱ्यात कलली होती. त्या कोपऱ्यात जॉय बसला होता. जॉय अंगाने भरभक्कम आहे, आणि असल्या प्रसंगी भरभक्कम माणसाला न्याय मिळत नाही.

"जॉय, जरा इकडे सरका," मी म्हणालो. तो सरकला. बोट तशीच.

"तिकडं मधे बसा," वहिनी म्हणाल्या. तो मधे बसला. रस्सा तिकडेच वाहत राहिला. मरियाने त्याच्या ताटातली एक भाकरी काढून घेतली. मग दुसरी. "घरी पण सांगते, कमी खात जा," ती म्हणाली. जॉय कोरडा भात चिवडत सगळ्यांच्या विरुद्ध टोकाला, गेटाला टेकून बसला आणि बोट मात्र सावकाश त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच कलत राहिली. स्टोव्ह घसरून कठड्याला लागला. तेव्हा रशीदभाई उठले, पालथे पडले, आणि फळीखाली हात घालून ड्रमावर टकटक करत गेले. ढम, ढम, ढम, आणि मग ठप्प.

"सर, ह्याच्यात पाणी शिरलंय." त्यांनी हात आणखी आत घातला. "चीर पडलीये. उन्हात राहून ड्रम कडक होतात, वरून काहीतरी जोराचं बसलंय."

सगळ्यांची नजर आधी आप्पासाहेबांकडे गेली. आप्पासाहेब ताठ झाले. "माझे दोन घाव अँगलवर बसले. नारळ फुटला सरांच्या हातून."

मग सगळ्यांची नजर माझ्याकडे आली. वर्गात कुणी उत्तर चुकलं की मी ज्या नजरेने बघायचो, तीच नजर, सहा जणांची. मला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. माझ्या बोटीचं नाही. एस्तेरला मी एक दिवस देणार होतो, आणि तिला मिळाला काय, तर सावेडीचाच हॉल, वरून बुडणारा. जॉय तेवढा उठला आणि भाकऱ्यांच्या डब्याकडे गेला.

घंटा तीनदा वाजली. कानिफनाथ आला. त्याच्या होडीत एका खेपेला अडीच माणसं मावतात, त्यात जॉय एकटाच दोन धरला गेला. मी जाहीर केलं की बोटीचा मालक सगळ्यात शेवटी उतरतो. हे कुठे ऐकलं होतं आठवत नाही, पण त्या क्षणाला मला उरलेली एवढीच अब्रू होती. एस्तेर म्हणाली, "मी भांडी आवरून यांच्याबरोबर येते." मरिया केक घेऊन गेली, वहिनी लिंबांची पिशवी घेऊन गेल्या. एकेक माणूस उतरत गेला तशी बोट वर येऊ लागली. शेवटच्या खेपेला रशीदभाई आणि आप्पासाहेब. पण रशीदभाई होडीत उतरून थांबले. मान वाकडी करून त्यांनी बोटीचा कल पाहिला.

"सर, आता ती बुडत नाही," ते म्हणाले. "बाकीचे ड्रम चांगले आहेत. एक ड्रम भरायचा तेवढा भरला. दोघांना ही दिवसभर तोलते. पण तिसरा आला की गेली."

"तिसरा चालणारच नाही?" एस्तेरने विचारलं.

"नाही वहिनी. पोरगंसुद्धा नाही."

एस्तेर गेटापाशी गेली. तिने गेटाची कडी लावली.

कानिफनाथने वल्हं उचललं. "काय लागलं तर घंटी वाजवा सर. न्हाईतर दिस बुडायच्या आत येतो." होडी लांब गेली. काठावर मरियाने सतरंजी घातलेली दिसत होती, जॉय तिच्यावर पाय पसरून जेवायला बसला होता. त्यांचे आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. हळूहळू आवाजही वाऱ्यावर विरले.

वाऱ्याने लोलक हलला. ठण्ण.

एस्तेर उठली. मला वाटलं आता ही आधण ठेवणार. पण ती खांबाजवळ गेली, डोक्याचा रुमाल सोडला आणि लोलकाला गच्च गुंडाळून गाठ मारली. मग ओढून पाहिलं. आवाज आला नाही. ती खुर्चीत बसली, चपला काढल्या, पाय कठड्यावर ठेवले. इतक्या वर्षांत मी तिला पाय वर घेऊन बसलेली पाहिली नव्हती. तिच्या टाचांना भेगा होत्या.

"चुकलंच माझं," मी म्हणालो. "नीट मारायला हवा होता तो नारळ."

"अहो," ती डोळे मिटून म्हणाली, "चहा करता का?"

मला चहा करता येत नाही. साखर कुठल्या डब्यात आहे हे शोधायलाच मला बराच वेळ लागला, आणि स्टोव्ह कललेला असल्यामुळे अर्धा चहा पातेल्याबाहेर गेला. उरलेला मी दोन कपांत गाळून नेला, तेव्हा ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर. मी दोन्ही कप हातात धरून उभा राहिलो. तिला उठवायला कुणी नव्हतं, आणि मीही उठवलं नाही. दोन्ही चहा मीच प्यायलो. वाईट होते.

उन्हं कलली तेव्हा कानिफनाथची होडी आली आणि आम्हा दोघांसकट बोट ओढत काठाला घेऊन गेली. काठावर सगळे उभेच होते. आप्पासाहेबांनी पुढे होऊन एस्तेरला हात दिला, "काळजीच लागली होती वहिनी." रशीदभाई लगेच बोटीखाली वाकले. त्यांच्या हाताला अपमान सहन होत नाही. "सर, उद्याच टेम्पो पाठवतो. नवीन ड्रम टाकतो, पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन या. दहा माणसं बसतील, शब्द देतो."

"ड्रम बदलायचा नाही," एस्तेर म्हणाली.

आप्पासाहेब गोंधळले. "अहो पण वहिनी, मग दोघंच बसू शकतील हिच्यात!"

"हो ना," एस्तेर म्हणाली, आणि खांबाकडे जाऊन घंटेवरचा आपला रुमाल सोडून घेतला.